हिमवादळ येण्यापूर्वी

वादळ म्हटले की कोकणातील मुलाच्या डोळ्यांपुढे उसळलेला दर्या, कडाकडा मोडणारे माड आणि बंदरावर चढविलेला धोक्याचा बावटा उभा राहतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ईशान्य भागात राहणाऱ्या मुलास मात्र वादळ या शब्दाने आणखी एका संकटाची आठवण होते. ते येते भर हिवाळ्यात. त्यात पावसाच्या धारा नसतात. वाऱ्यावर भिरभिरणारे हिम असते, आणि ते इतके दाट असते की दारात उभ्या असलेल्या माणसास समोरचे घर दिसत नाही.

कॅनडाकडून उतरणारी कोरडी, गोठविणारी हवा आणि अटलांटिक महासागरातील गल्फ स्ट्रीम या उष्ण प्रवाहावरची दमट हवा यांची किनाऱ्यालगत गाठ पडते. तेथे कमी दाबाचा प्रदेश निर्माण होतो आणि तो किनाऱ्याच्या कडेकडेने उत्तरेस सरकू लागतो. त्याच्याभोवती फिरणारे वारे किनाऱ्यावर ईशान्येकडून येऊन आदळतात. म्हणून तिकडील लोक या वादळास ‘नॉरईस्टर’ असे म्हणतात. ‘ब्लिझर्ड’ म्हणजे खरेखुरे हिमवादळ केव्हा म्हणावयाचे, हे तेथील हवामान खात्याने ठरवून टाकले आहे. वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाने वाहत असावा, उडत्या हिमामुळे पाव मैलापलीकडचे दिसू नये, आणि ही स्थिती निदान ३ तास टिकावी.

असे वादळ सहसा घरे उडवून नेत नाही. ते शहराची हालचाल थांबविते. आणि मोठे शहर हालचालीवरच जगत असते! दूध, औषधे, आगीचा बंब, रुग्णवाहिका, विजेच्या तारा जोडणारा कामगार, रात्रपाळीस निघालेली परिचारिका यांपैकी प्रत्येकास रस्ता हवा असतो. तो रस्ता बंद झाला म्हणजे किरकोळ दुखण्याचेही प्राणसंकट होते. म्हणून हिमवादळाविरुद्ध सरकार जी सिद्धता करते, तिचा बहुतेक भाग रस्ता मोकळा राखण्यासाठीच असतो.

या सिद्धतेचा आरंभ थंडीत होत नाही. उन्हाळ्यातच मोठमोठ्या छपरांखाली मिठाचे डोंगर रचून ठेवले जातात. मीठ कशासाठी? ज्याने घरी लाकडी बादलीत बर्फ व खडेमीठ घालून आइस्क्रीमचा पॉट फिरविला आहे, त्यास याचे उत्तर ठाऊक असावयास हरकत नाही. मीठ मिसळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो; शून्य अंशावर गोठणारे पाणी त्याखालीही द्रव राहते. अलीकडे तर वादळाच्या आदल्या दिवशीच मिठाचे दाट पाणी रस्त्यावर शिंपडून ठेवतात. त्यामुळे पडणारे हिम डांबरास घट्ट चिकटत नाही, आणि पुढे लोखंडी पाते बसविलेल्या गाड्यांना ते सहज बाजूस लोटता येते. थंडी फार कडक झाली तर मात्र मिठाचा उपयोग मंदावतो. उणे दहा अंशांच्या खाली त्यावर फारशी भिस्त ठेवता येत नाही. तेव्हा दुसरे क्षार वापरावे लागतात, किंवा निदान चाक घसरू नये एवढ्यासाठी वाळू पसरावी लागते.

विजेची गोष्टही अशीच आहे. तिची काळजी ऊन असतानाच घ्यावी लागते, आणि न घेतल्यास काय होते हे टेक्सास या दक्षिणेकडील संस्थानाने २०२१ साली पाहिले. टेक्सास हा उष्ण मुलूख. तेथे २०११ च्या फेब्रुवारीत एकदा कडाक्याची थंडी पडून वीजनिर्मितीची यंत्रे गोठली होती आणि लक्षावधी लोकांस आळीपाळीने अंधारात बसावे लागले होते. त्याच वर्षी चौकशी झाली. नळ्यांना उबदार वेष्टन घाला, यंत्रांना थंडीपासून आडोसा करा, अशा शिफारशी छापून निघाल्या. परंतु तसे करण्याची कायद्याने सक्ती झाली नाही, आणि जे ऐच्छिक असते ते खर्चाचे असल्यास बहुधा मागे पडते. दहा वर्षांनी, २०२१ च्या फेब्रुवारीत, तीच थंडी अधिक उग्र रूपाने परतली. नैसर्गिक वायूच्या विहिरी गोठल्या. वायूवाचून वीज नाही, आणि विजेवाचून वायू पुढे ढकलणारे पंप नाहीत, असा फेरा पडला. १५ फेब्रुवारीच्या पहाटे विजेची सारी यंत्रणा कोसळण्यास केवळ ४ मिनिटे ३७ सेकंद उरली होती. ती वाचविण्यासाठी लाखो घरांची वीज तोडावी लागली. या संकटात २४६ माणसे मरण पावली, असे त्या संस्थानाच्या आरोग्य खात्याने पुढे जाहीर केले. त्यांतील कित्येक जण आपल्याच घरात थंडीने गारठून गेले. २०११ साली जे केवळ सुचविले होते, ते करणे २०२१ च्या उन्हाळ्यात कायद्याने बंधनकारक झाले.

मीठ साठविता येते, नळ्यांना वेष्टन घालता येते. याहून एक अवघड काम उरतेच. चालते शहर थांबवावयाचे, तर ते नेमके कोणत्या घटकेस? हिमवादळाच्या प्रसंगी गव्हर्नर आणीबाणी पुकारतो, तेव्हा त्यास विशेष अधिकार मिळतात. तो ‘नॅशनल गार्ड’ या राखीव सैनिकांस पाचारण करू शकतो, तिजोरीतील पैसा तातडीने खर्च करू शकतो आणि खाजगी वाहनांस रस्ते बंद करू शकतो. यांतील शेवटचा अधिकार वापरताना भल्याभल्यांचा हात अडखळतो. दुकाने बंद पडतात, मजुरांचा रोज बुडतो. आणि हुकूम काढावा लागतो तो आकाश अद्याप स्वच्छ असताना!

बॉस्टन शहराने याचा अनुभव १९७८ साली घेतला. सोमवार, ६ फेब्रुवारी रोजी मोठे हिमवादळ येणार, हे हवामान खात्याने आधी सांगितले होते. पहाटे हिम पडू लागेल अशी अपेक्षा होती. पहाट झाली, पण आकाशातून काही पडेना. वेधशाळेचे भाकीत फसले म्हणून लोक हसले असतील; ते नित्याप्रमाणे मोटारी काढून कामावर गेले. हिम पडू लागले ते दिवस चांगला वर आल्यावर. भाकीत खरेच होते, त्यास काही तासांचा उशीर झाला होता इतकेच. दुपारी कचेऱ्या आणि कारखाने एकदमच सुटले व सारे शहर एकाच वेळी घराकडे निघाले. शहराभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या हमरस्त्यावर एक मालमोटार आडवी झाली की तिच्यामागे शेकडो वाहने थांबत. अशा रीतीने तीन हजारांहून अधिक मोटारी आणि सुमारे ५०० मालमोटारी त्या रस्त्यावर हिमात रुतून बसल्या. बर्फ लोटणाऱ्या गाड्या तयार होत्या, त्यांचे चालकही तयार होते; पण त्यांनी जावे कोठून? रस्ता मोकळा करण्याचे साधन वाहनांच्या भिंतीमागे अडकून पडले.

मोटारीत अडकलेला मनुष्य ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवतो. बाहेर साठत जाणारे हिम धुराची नळी बुजविते. मग कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू गाडीत शिरतो. त्यास रंग नाही, वास नाही. बसल्याजागी गुंगी येते आणि मनुष्य पुन्हा उठत नाही. त्या रात्री काही जणांचा अंत असाच झाला. बॉस्टनमध्ये सुमारे ६९ सेंटिमीटर हिम पडले, आणि ईशान्येकडील संस्थानांत मिळून सुमारे १०० माणसे दगावली. मग मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खाजगी मोटारींस बंदी केली. ती जवळजवळ आठवडाभर चालली. अंगात साधा लोकरी स्वेटर घालून ते दूरचित्रवाणीवर येत आणि काय बंद आहे, काय चालू आहे, हे लोकांस समजावून सांगत. हुकूम योग्य होता, धीर देणेही योग्य होते. पण वाहने रुतल्यानंतरची ती बंदी होती. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते झाले.

तब्बल पस्तीस वर्षांनी, शुक्रवार, ८ फेब्रुवारी २०१३ रोजी, तशाच बळाचे वादळ त्याच किनाऱ्यावर चाल करून आले. या वेळी गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी दुपारी ४ वाजल्यापासून रस्ते बंद केले. १९७८ नंतर तेथे अशी बंदी प्रथमच झाली. हुकूम मोडणारास दंड व कैद सांगितली होती. सरकारास आपले प्रजाजन गुन्हेगार ठरवावयाचे होते काय, असा रोष काहींनी व्यक्त केला, आणि तो अगदीच अनाठायी होता असेही नव्हे. परंतु बॉस्टनमध्ये सुमारे ६३ सेंटिमीटर हिम पडूनही १२८ क्रमांकाचा रस्ता मोटारींचे स्मशान झाला नाही. त्याच रात्री, त्याच वादळात, न्यूयॉर्क संस्थानातील लाँग आयलंडवर अशी बंदी नव्हती. तेथे शेकडो मोटारी रस्त्यावरच अडकल्या आणि माणसांना हिमात रात्र काढावी लागली.

मग दरवेळी आगाऊ बंदी करावी, हे झाले सोपे उत्तर. पण निसर्ग तसे करू देत नाही. २६ जानेवारी २०१५ रोजी न्यूयॉर्क शहरात ५० ते ७५ सेंटिमीटर हिम पडेल असा इशारा होता. रात्री रस्ते बंद झाले. हिमासाठी कधी न थांबलेली भुयारी रेल्वेही थांबविण्यात आली. सकाळी मोजले तेव्हा सेंट्रल पार्कमध्ये हिम भरले सुमारे २५ सेंटिमीटर! वादळ अपेक्षेपेक्षा थोडे पूर्वेकडून निघून गेले होते. लाँग आयलंडचे पूर्व टोक आणि बॉस्टन यांना त्याने पुरते झोडपले, पण शहर वाचले. शेजारच्या न्यू जर्सीतील हवामान कचेरीच्या प्रमुखाने चुकलेल्या भाकिताबद्दल लोकांची जाहीर क्षमा मागितली. टीका करणारांची उणीव नव्हती. परंतु मैल-पन्नास मैलांच्या फरकाने जे टळले, ते टळणारच होते असे आदल्या दिवशी कोणास सांगता आले असते? एवढे मात्र खरे, की व्यर्थ गेलेल्या एका बंदीनंतर दुसऱ्या बंदीच्या हुकुमावर सही करणे जड जाते.

ते किती महाग पडू शकते, हे ईरी सरोवराच्या काठच्या बफेलो शहराने दाखविले. या शहरास हिम नवे नाही. उलट हिमाशी झुंजण्याचा त्यास अभिमानच आहे. २०२२ च्या नाताळात येणारे वादळ पिढीतून एकदाच यावे असे असेल, हे हवामान खात्याने काही दिवस आधी स्पष्ट शब्दांत सांगितले होते. तरीही वाहनबंदी जाहीर झाली ती शुक्रवार, २३ डिसेंबरच्या सकाळी. आणि ती लागू झाली साडेनऊ वाजता. तोवर पुष्कळ लोक कामावर पोहोचले होते. रोजंदारीवर पोट असलेला मनुष्य बंदीचा हुकूम नसताना घरी कसा बसणार? मालक त्याची अनुपस्थितीच मांडणार. मग सुमारे ३७ तास हिमवादळ एकसारखे घोंघावत राहिले. आगीचे बंब आणि रुग्णवाहिका रुतल्या. मदतीसाठी केलेल्या हाकांना उत्तर देण्यास कोणी उरले नाही. त्या जिल्ह्यात ४० हून अधिक माणसे मेली. काही मोटारीत, काही रस्त्यावर, काही वीज गेलेल्या घरात, तर काही हिम उपसताना हृदयक्रिया बंद पडून.

त्याच रात्री शहराच्या उपनगरात रस्त्यावर अडकलेल्या एका माणसाने बंद शाळेची खिडकी फोडली. आपल्याबरोबर वीस-पंचवीस अनोळखी माणसांस त्याने आत नेले, शाळेच्या भांडारातील अन्न सर्वांस वाटले, आणि निघताना फोडलेल्या खिडकीबद्दल क्षमा मागणारी चिठ्ठी लिहून ठेवली. पोलिसांनी त्याचा शोध घेतला तो त्याचे आभार मानण्यासाठी. पुढे २०२३ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या अभ्यासकांनी या आपत्तीचे परीक्षण करून अहवाल दिला. त्यात बंदीच्या सूचनेस झालेल्या उशिरावर त्यांनी बोट ठेवले.

जानेवारी २०२४ मध्ये बफेलोवर पुन्हा हिमवादळाचे सावट आले. रविवार, १४ तारखेस तेथे अमेरिकन फुटबॉलचा मोठा सामना ठरलेला होता व हजारो प्रेक्षक येणार होते. या वेळी वाहनबंदी लागली ती शनिवारी रात्री ९ वाजता, आणि सामना एक दिवस पुढे ढकलण्यात आला. क्रीडांगणाच्या बैठका हिमाखाली पार बुडून गेल्या होत्या. तेव्हा तासाला २० डॉलर देऊन फावडी घेतलेले लोक बोलाविण्यात आले. सोमवारी दुपारी सामना सुरू झाला, तेव्हाही कित्येक प्रेक्षक आपापल्या जागेवरचे बर्फ हातांनी बाजूस सारून बसत होते.