निशाण एकीकडे, धूर दुसरीकडे

सागरी लढाईचे एखादे जुने डच चित्र वर्गात दाखवा. थोड्याच वेळात एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "सर, जहाजावरचे निशाण एका दिशेला फडकते आहे आणि तोफांचा धूर जरा वेगळ्या दिशेला चालला आहे. चित्रकार चुकला का?" उत्तराची घाई करू नका.

असे एक चित्र कॉर्नेलिस व्रोम या डच चित्रकाराने १६१५ साली काढले. स्पॅनिश युद्धनौका आणि उत्तर आफ्रिकेच्या बार्बरी किनाऱ्यावरील चाचे यांच्यातील लढाई हा त्याचा विषय. लंडनमधील ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयात ते आहे. अशी चित्रे पाहताना एक साधे गणित आम्हाला उपयोगी पडते.

समजा, वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी २० किलोमीटर वेगाने वाहतो आहे आणि जहाज उत्तरेकडे ताशी १० किलोमीटर वेगाने चालले आहे. तोफेतून सुटलेला धूर काही क्षणांतच हवेत मिसळतो आणि हवेबरोबर थेट पूर्वेला जातो. निशाण मात्र जहाजाला बांधलेले. त्याला हा वारा तर लागतोच, शिवाय जहाजाच्या गतीमुळे समोरून, म्हणजे उत्तरेकडून, ताशी १० किलोमीटरचा वारा लागतो. या दोन सदिशांची बेरीज केली, की निशाणाला जाणवणारा वारा ताशी सुमारे २२ किलोमीटर येतो आणि निशाण पूर्वेपासून सुमारे २७ अंश दक्षिणेकडे वळते. तेव्हा असा फरक दिसला, तर ती चूक नव्हे. जहाज नांगरलेले असेल, तर मात्र दोन्हींची दिशा एकच हवी.

वाऱ्याला एवढे महत्त्व का? शिडाच्या युद्धनौकेच्या बहुतेक तोफा दोन्ही बाजूंना असत. वारा असेपर्यंत जहाज वळवून त्या शत्रूवर रोखता येत. वारा पडला, की जहाज जागीच अडके. वल्ह्यांच्या गॅलीला वारा लागत नसे. तोफा थोड्या असलेल्या मागच्या बाजूने ती चालून येई. पकडलेले खलाशी गुलाम म्हणून विकले जात आणि कित्येकांच्या वाट्याला वल्ही मारणेच येई. ख्रिस्ती राज्यांच्या गॅलींवरही पकडलेल्या मुसलमानांची हीच गत होती.

कोकण किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांच्या वल्ह्यांच्या गलबतांनीही मोठ्या जहाजांना असेच मागून गाठले. इंग्रजांच्या लेखी ते चाचे, मराठी राज्यात ते सरखेल. म्हणून चित्रातील वारा तपासताना, 'चाचे' हा शब्द कोणी वापरला आहे, हेही विद्यार्थ्यांना विचारावे.

गणिताचा पडताळा मैदानावर घेता येईल. एक रिबीन काठीला बांधून काठी जमिनीत रोवा, दुसरी सायकलच्या हँडलला बांधा. सायकल उभी असताना दोन्ही रिबिनी एकाच दिशेला उडतील. मग सायकल वाऱ्याला आडवी चालवा आणि दोन्हींमधील कोन विद्यार्थ्यांना वहीत काढायला सांगा.