कमानीच्या पोटातल्या सळ्या

१ जानेवारी १९९९ पासून युरोपीय नियमांनुसार ४० टनी ट्रक ब्रिटनच्या रस्त्यांवर धावू लागले. त्यांच्या वाटेत हजारो जुने कमानी पूल होते, बरेचसे घोडागाडीच्या जमान्यातले. सगळे पाडून नवे बांधणे परवडणारे नव्हते, शिवाय त्यातले कित्येक वारसा म्हणून जपलेले. तेव्हा ‘आर्कटेक’ नावाची पद्धत पुढे आली. रस्त्याच्या बाजूने हिऱ्याच्या ड्रिलने कमानीत भोके पाडायची, कापडी मोजा चढवलेली स्टेनलेस स्टीलची सळई आत सारायची आणि दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरायचे. मोजा फुगून भोकाचा आकार घेतो, दगडाला घट्ट धरतो. बाहेरून पुलाचे रूप जसेच्या तसे राहते. पण भोक नेमके कुठे पाडायचे?

त्यासाठी कमान मोडते कशी, हे कळायला हवे. दगड दाब सोसतो. ताण सोसणे त्याच्या सांध्यातल्या जुन्या चुन्याला जमत नाही. जड चाक कमानीच्या पाव अंतरावर आले की त्याच्या खाली, पोटाकडून, सांधा उघडतो. पलीकडची बाजू वर उचलली जाते आणि तिथला सांधा पाठीकडून उघडतो. दोन्ही टोकांशी आणखी एकेक भेग पडते. प्रत्येक उघडा सांधा बिजागरीसारखा वळतो, आणि अशा चार बिजागऱ्या झाल्या की कमान कोसळते. एकही दगड फुटावा लागत नाही. अभियंते जॅक हेमन यांनी १९६६ मध्ये हा विचार चोख गणितात बसवला.

त्याचे मूळ मात्र जुने आहे. लटकती साखळी उलटी केली की कमानीचा आकार मिळतो, हे रॉबर्ट हूक यांनी १६७५ मध्येच सांगितले होते. रोमच्या सेंट पीटर्सच्या घुमटाला भेगा गेल्या तेव्हा गणितज्ञ पोलेनी यांनी वजने अडकवलेली साखळी टांगून दाबाची रेषा घुमटाच्या जाडीतच राहते हे दाखवले, आणि तरीही लोखंडी कडी घालायचा सल्ला दिला. त्यांचा ग्रंथ १७४८ चा.

संगणकात कमान मांडायचा सोपा मार्ग म्हणजे ती अखंड, एकजिनसी मानणे. मला हा मार्ग धोक्याचा वाटतो, कारण खऱ्या कमानीत सगळे घडते ते सांध्यांत. पीटर कंडॉल यांनी १९७१ मध्ये भेगाळलेल्या खडकांसाठी एक वेगळी रीत मांडली: प्रत्येक ठोकळा सुटा धरायचा, शेजाऱ्याशी त्याचा संबंध फक्त स्पर्शाचा आणि घर्षणाचा. काळाच्या बारीक बारीक टप्प्यांनी प्रत्येक ठोकळा किती सरकला, किती वळला, हे संगणक मोजत जातो. कमानीवरची भरावाची मातीही हिशेबात घ्यावी लागते, कारण ती चाकाचा भार पसरवते आणि उचलल्या जाणाऱ्या बाजूला दाबून धरते.

मग येते सळई, सांधा उघडू पाहतो तिथे ताण सोसणारी. तिची ताकद सांगणे सोपे. ग्राउटमधली तिची पकड सांगणे अवघड. भेगेच्या पलीकडे ती पुरेशी लांब नसेल तर तुटण्याआधीच निसटते. सळ्या जास्त झाल्या तर तो भाग इतका ताठ होतो की बिजागरी दुसरीकडे सरकते, किंवा दगड दाबाने चुरडतो. विटांची कमान असेल तर तिचे थर एकमेकांपासून सुटू शकतात. म्हणून सळ्यांच्या जागा पडद्यावर पुन्हा पुन्हा बदलून पाहाव्या लागतात.

पण पडद्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये वापरातून गेलेले काही पूल मुद्दाम भार टाकून मोडण्यात आले. स्कॉटलंडचा ब्रिजमिल पूल, गाळा १८.३ मीटर, सुमारे ३१०० किलोन्यूटनला, म्हणजे तीनशेहून अधिक टनांना कोसळला. ६.५५ मीटर गाळ्याचा विटांचा प्रेस्टवुड पूल अवघ्या २२८ किलोन्यूटनला गेला. त्याची कमान आधीच वेडीवाकडी झालेली होती. नव्या प्रारूपांची परीक्षा आजही याच आकड्यांवर होते. प्रेस्टवुडच्या प्रारूपात नकाशातला सुबक वर्तुळखंड घातला तर उत्तर भलतेच येईल. कमान आज जशी आहे तशी मोजणे, हे मला निम्मे काम वाटते.

आणि सळ्यांच्या आवाक्याबाहेरचेही काही असते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीच्या पुरात ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल कोसळला. दोन एसटी गाड्या आणि त्यांतली माणसे वाहून गेली. पुराचा घाला बहुधा खांबाच्या पायाशी पडतो. पाया हलला की वरची कमान कितीही शिवलेली असो, तिचा आधारच जातो. अशा पुलाचे प्रारूप कमानीपुरते केले तर ते बिनचूक असूनही निरुपयोगी ठरेल. त्यातही अडचण अशी, की पूर खांबाभोवती खड्डा पाडतो आणि ओसरताना तो सैल गाळाने स्वतःच भरून टाकतो. पाणी उतरल्यावर पाहणी करायला जाणाऱ्याला तळ सपाट दिसतो. खरे काय ते कळायला गाळात सळई खुपसून पाहावी लागते.