हिमालयातील स्कीइंग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

काश्मीरमधील गुलमर्ग, उत्तराखंडमधील औली आणि हिमाचल प्रदेशातील सोलंग यांपैकी स्कीइंगसाठी श्रेष्ठ स्थळ कोणते, हा प्रश्न दर हिवाळ्यात नव्याने विचारला जातो. परंतु आपले कौशल्य किती, महिना कोणता आणि शिकविणार कोण, या तीन बाबींची खातरजमा झाल्यावाचून त्याचे जे उत्तर दिले जाईल, ते प्रवाशाची दिशाभूलच करील.

गैरसमज : स्थळ जितके उंच, तितके उत्तम.

वस्तुस्थिती : सुमारे २,६५० मीटर उंचीवरील गुलमर्गहून निघणारी गोंडोला (रोपवे), कोंगदूरीचा मधला टप्पा मागे टाकून, आफरवत शिखराच्या खांद्यावर ३,९०० मीटरांपलीकडे नेऊन सोडते, हे खरे, तथापि तेथील बहुतेक उतार यंत्राने दाबून सारखे केलेले नसतात, त्यांवर हिमस्खलनाचे भय सदैव असते, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश व फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीपटू या परिसरातील हिमस्खलनात प्राणास मुकले. वरचा टप्पा निष्णातांनी, तोही स्थानिक मार्गदर्शक बरोबर घेऊनच, गाठावा. नवशिक्यांचे क्षेत्र म्हणजे पायथ्याचे सौम्य उतार.

गैरसमज : नाताळच्या सुट्टीत बर्फ हमखास मिळतो.

वस्तुस्थिती : हिमालयातील बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो आणि त्यांचा जोर सामान्यतः जानेवारी-फेब्रुवारीत असतो, तरीही जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती. शिवाय आल्प्स पर्वत ४६ अक्षांशाच्या आसपास, तर गुलमर्ग ३४ आणि औली साडेतीस अक्षांशावर असल्यामुळे, तेवढ्याच उंचीवरचा बर्फ येथे उन्हाने लवकर भुसभुशीत होतो. सबब निघण्यापूर्वी ताज्या हिमवृष्टीची चौकशी करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : औली लहान, म्हणून दुय्यम.

वस्तुस्थिती : साधारण २,५०० ते ३,०५० मीटरांमधील औलीचा उतार एकसारखा व मध्यम असल्यामुळे, समोर नंदादेवी दिसत असता पहिले धडे गिरविण्यास तो फार अनुकूल आहे. गढवाल मंडल विकास निगम तेथे प्रशिक्षणवर्ग चालविते आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील स्कीइंगच्या शर्यतीही तेथे झाल्या. मात्र जोशीमठची जमीन खचल्यामुळे तेथून औलीला जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये बंद करण्यात आला; म्हणून प्रवासाचा बंदोबस्त रस्त्याचा विचार करूनच करावा.

गैरसमज : सह्याद्रीतील गड चढणाऱ्याला स्कीइंग एका दिवसात येते.

वस्तुस्थिती : गडावर पाऊल रोवून धरावयाचे असते, येथे ते घसरू देऊन ताब्यात ठेवावयाचे असते. स्कीची टोके जवळ व टाचा दूर ठेवून, आतल्या कडा बर्फात दाबून वेग आवरणे, ही पहिली विद्या अंगवळणी पडण्यासच काही दिवस लागतात. भाड्याचे बूट चढवून, कुणाचा तरी हात धरून, सोलंगला काढलेले छायाचित्र म्हणजे स्कीइंग नव्हे. त्याच सोलंगच्या उतारांवर घडलेल्या मनालीजवळच्या स्कीपटू आंचल ठाकूर यांनी २०१८ मध्ये तुर्कस्तानात कांस्यपदक मिळविले, ते वर्षानुवर्षांच्या सरावाने. मनाली व गुलमर्ग येथील शासकीय संस्था मुदतीचे अभ्यासक्रम चालवितात. नवशिक्याने आधी त्यांतील जागा निश्चित करावी आणि मगच स्थळ ठरवावे, कारण चांगला शिक्षक लाभला तर या तिन्हींपैकी कोणताही उतार पहिल्या हिवाळ्यास पुरून उरेल.