रक्त येतं म्हणून ब्रश सोडू नका
लेखमाला : आईपणाची तयारी – लेखांक ७

मागच्या आठवड्यात आपण गरोदरपणातला रक्तक्षय समजून घेतला. आज हिरड्यांकडे वळू.

पहिलटकरीण माहेरी येते. सकाळी दात घासताना थुंकीत रक्त दिसतं आणि घरातली वडीलधारी बाई काळजीनं म्हणते, "राहू दे, नुसती चूळ भर." या सल्ल्यामागची माया खरी आहे, पण त्यानं दुखणं वाढतं.

आरशासमोर ओठ वर करून पाहा. दोन दातांमधलं हिरडीचं टोक एरवी फिकट गुलाबी आणि घट्ट असतं. आता ते लालभडक, फुगलेलं, चकचकीत दिसतं आणि ब्रश लागताच रक्त येतं. याचं मूळ दाताच्या कडेला साचणाऱ्या चिकट, पांढरट थरात आहे. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं वाढतात, हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि एरवी सोसला जाणारा थोडासा थरही सूज आणतो. हॅराल्ड लो आणि जॉन सिलनेस यांनी १९६३ साली नोंदवलं, की ही सूज दुसऱ्या महिन्यापासून वाढत जाते आणि आठव्या महिन्यात सर्वाधिक असते. संप्रेरकं आपल्या हाती नाहीत, थर काढणं मात्र आहे. म्हणून मऊ ब्रशनं, हिरडीच्या कडेवरून, दिवसातून दोनदा हलक्या हातानं घासायचं. उलटी झाली तर आधी पाण्यानं खळखळून चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासानं करा.

आपल्याकडे रक्त थांबावं म्हणून काही जणी मिश्री लावतात. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, रक्त दिसेनासं होतं आणि बरं वाटल्याचा भास होतो. आत आजार चालूच राहतो, शिवाय तंबाखूमुळे बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो.

बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढून घेतं, हा समजही सोडायला हवा. दात हलतात ते बहुधा हिरडीची जुनी सूज खालच्या हाडापर्यंत गेल्यामुळे.

उपचार बाळंतपणानंतर पाहू, असं म्हणू नका. चौथा ते सहावा महिना सर्वांत सोयीचा; दातांवरचा थर आणि कीटण काढून घेणं तेव्हा सुरक्षित असतं. अमेरिकेत ८०० हून अधिक गरोदर स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचारानं हिरड्या सुधारल्या, बाळाला अपाय झाला नाही. अकाली प्रसूती मात्र त्यानं कमी झाली नाही. तरीही आईच्या तोंडाचं दुखणं हे उपचाराला पुरेसं कारण आहे.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन झालं की "हिरड्यांतून रक्त येतं" हे स्वतःहून सांगा आणि दंतवैद्याकडे चिठ्ठी मागा. परभणी शहरात दंत महाविद्यालयही आहे. गंगाखेड, सोनपेठ, पाथरीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बहिणींनी तर टोळी निघण्याआधीच दाखवून घ्यावं. फडावर दंतवैद्य भेटत नाही. आशाताईंनो, गृहभेटीत एक प्रश्न वाढवा : दात घासताना रक्त येतं का?

पुढील आठवड्यात : गरोदरपणातली झोप