सिद्दींचा गोमा

महाडच्या नातेखिंडीतून आत वळलं की आमचं नाते, पुढे पाचाड आणि मग रायगड. या वाटेवर वाढलेल्या पोराला सिद्दी भेटतो तो शाळेच्या पुस्तकात, आणि तोही शत्रू म्हणून. 1689 मध्ये रायगड मोगलांनी घेतला, पुढे तो सिद्दीकडे गेला, 1733 मध्ये मराठ्यांनी परत मिळवला. सिद्दीचं जंजिऱ्याचं संस्थान तर 1948 पर्यंत टिकलं. वेढे, तह, तोफा एवढंच आम्हाला पाठ. याच सिद्दींच्या पूर्वजांनी आफ्रिकेतून ढोलही आणला आणि त्याच्या तालावर दुखणाइतांना उभं करायची रीत जपली, हे मला फार उशिरा कळलं. त्याची हळहळ अजून वाटते.

सिद्दी त्या वादन-नाचाला गोमा किंवा धमाल म्हणतात. स्वाहिली भाषेत 'न्गोमा' म्हणजे ढोल, आणि नाचसुद्धा. गोम्याचं मोठं पीठ गुजरातेत, भरूचकडच्या रतनपूरला. तिथे अकीकाचा व्यापार करणारा हबशी पीर बावा गोर याचा दर्गा आहे, जोडीला बहीण माई मिस्रा. पछाडलेली, मनाने खचलेली माणसं तिथे हजेरीला येतात, त्यांत हिंदूही असतात आणि पारशीही. मूल व्हावं म्हणून नवस बोलायचा तो माईकडे.

वाद्यांत माझा जीव जडला तो मलुंग्यावर. धनुष्यासारखी वाकवलेली काठी, एकच तार आणि मागे बांधलेला भोपळा. वादक काडीने तारेवर ठोका देतो आणि भोपळ्याचं तोंड पोटाला टेकवतो, सोडवतो. तेवढ्यानेच सूर कधी कोंडतो, कधी मोकळा होतो. कण्हणाऱ्या माणसाचा श्वास ऐकावा तसा. मग पायांवर उभा असलेला मुगरमान ढोल लय वाढवतो. लय चढत गेली की नाचणाऱ्याला 'हाल' येतो, नारळ उंच उडतो आणि डोक्यावर फुटतो.

मोरोक्कोतल्या ग्नावांची रीतही अशीच. सहारा ओलांडून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे हे वंशज. 2019 मध्ये युनेस्कोने त्यांच्या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तीन तारांचं गिंब्री, लोखंडी चिपळ्या आणि रात्रभर चालणारी 'लीला'. शब्द आपला वाटतो, पण अरबीत त्याचा अर्थ रात्र. गुलामीतून सुटलेला हबशी बिलाल, इस्लामचा पहिला मुअज्जिन, सिद्दी आणि ग्नावा दोघांनाही आपला मूळपुरुष वाटतो. लीलेत अंगात आलेल्या आत्म्याला हाकलत नाहीत. त्याच्या रंगाचं कापड पांघरतात, त्याची धून वाजवतात, त्याच्याशी समेट करतात.

इथे मला परकं काही वाटत नाही. आमच्याकडेही शिमग्यात पालखी दारी येते, ढोल घुमतो आणि एखादीला वारं येतं. केस सुटतात, अंग थरथरतं. तिला कुणी दटावत नाही. दोघी जणी दंडाला धरतात आणि जाणती बाई वाकून विचारते, "आई, काय चुकलं आमचं?" ढोलकरी हात थांबवत नाही, ती बोलून मोकळी होईपर्यंत वाजवत राहतो. मग कुणीतरी गूळपाणी आणतं.