तुमच्या गाळ्याचं वीजबिल आणि जगभरचा कोळसा

कॉस्टिंगच्या व्हिडिओत वीजखर्च मी घाईत उरकला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

समजा, खोपटला एसटी स्टँडजवळ तुम्ही पिठाची गिरणी टाकताय. 5 एचपीची मोटर, रोज 6 तास. म्हणजे दिवसाला साधारण 22 युनिट. युनिटमागे 1 रुपया वाढला, तर 26 दिवसांत 572 रुपये गेले. दळणाचा दर मात्र दर महिन्याला वाढवता येत नाही, गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं!

ही वीज येते कुठून? बरीचशी चंद्रपूर, कोराडी, भुसावळ इथल्या औष्णिक केंद्रांतून. एका युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो. (डोंबिवलीकरांनी ठाकुर्लीचं रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस ऐकलं असेल. तेही कोळशावरच चालायचं.)

‘पण सर, जगात कोळसा बंद होतोय ना?’ काही देशांत, हो. ब्रिटनमध्ये 2012 साली सुमारे 40 टक्के वीज कोळशाची होती. 30 सप्टेंबर 2024 ला त्यांचं शेवटचं केंद्र बंद झालं. अमेरिकेत वीस वर्षांपूर्वी निम्मी वीज कोळशाची होती, आता साधारण सहावा हिस्सा. तिथे स्वस्त गॅसने कोळशाला मागे टाकलं. चीनचं गणित वेगळं: सोलर सगळ्यात जास्त तेच बसवतात, आणि जगातल्या कोळशाच्या विजेपैकी निम्म्याहून जास्त वीजही तेच बनवतात.

आपल्याकडे काय? 2025 मध्ये बातमी आली की देशाची निम्मी वीजक्षमता आता कोळसा-गॅसशिवायची आहे. खरी बातमी आहे, पण क्षमता म्हणजे उत्पादन नव्हे. तुम्ही दोन सारखी मशीनं घेतली आणि एक दिवसाला पाचच तास चालतं, तर निम्मा माल त्याचा असेल का? सोलरचं तसंच आहे. म्हणून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत जवळपास पाऊण हिस्सा अजून कोळशाचाच. संध्याकाळी ऊन गेलं, घराघरात एसी लागले, की भार पुन्हा कोळशावर.

याचा परिणाम बिलात दोन ठिकाणी दिसतो. एक, ‘इंधन समायोजन आकार’. वीजखरेदीचा खर्च आयोगाने धरलेल्या अंदाजापेक्षा वाढला की फरक इथे येतो. कॉस्टिंग करताना मागच्या 12 महिन्यांची सरासरी धरा, एका महिन्याचं बिल धरू नका.

दुसरं म्हणजे वेळेनुसार दर, टीओडी. केंद्राच्या 2023 च्या नियमांत 10 किलोवॉटपेक्षा जास्त मागणीच्या व्यावसायिक-औद्योगिक ग्राहकांना उन्हाच्या तासांत दर किमान 20 टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत तेवढाच जास्त ठेवायला सांगितलंय. छोटी गिरणी या गटात येत नाही, पण टीओडी तिलाही लागू शकतो. इलेक्ट्रिक ओव्हनची बेकरी किंवा मोठी लाँड्री येऊ शकते. राज्यात तास आणि दर आयोगाच्या आदेशाने ठरतात. म्हणून गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी मालकाकडून जुनं बिल मागून घ्या, मंजूर भार किती ते बघा आणि महावितरणच्या ऑफिसात विचारा: या कनेक्शनला टीओडी लागतो का, आणि कुठल्या तासांना?