टाइप १, टाइप २ आणि पुसट होत गेलेली रेघ

हायपरव्हायजर म्हणजे एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारा प्रोग्राम. तो थेट हार्डवेअरवर बसला तर टाइप १, आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालला तर टाइप २. ही वाटणी रॉबर्ट गोल्डबर्ग यांच्या १९७३ सालच्या प्रबंधातली, आणि ती आजही शिकवली जाते. गेल्या पाच दशकांत या क्षेत्राला खरं वळण दिलं ते मात्र वेगळ्याच प्रश्नानं: गेस्टनं, म्हणजे आभासी यंत्रातल्या ऑपरेटिंग सिस्टिमनं, प्रोसेसरला विशेषाधिकाराची सूचना दिली, तर ती अडवायची कोणी?

आयबीएमनं १९६७ मध्ये सीपी-४० आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० आणलं. तिथे अशी सूचना आली की प्रोसेसरच ती रोखून सूत्रं हायपरव्हायजरच्या हाती देई. १९७४ मध्ये पोपेक आणि गोल्डबर्ग यांनी याच अटीला नेमकं सैद्धांतिक रूप दिलं.

घराघरांत पोचलेला एक्स८६ प्रोसेसर नेमका इथेच नापास झाला. त्यातली पॉपएफ ही सूचना पाहा. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलनं ती वापरून इंटरप्ट बंद करू म्हटलं, तर ते होतात. पण कमी अधिकारात चालणाऱ्या गेस्टनं तेच केलं, तर प्रोसेसर तेवढा बदल गुपचूप गाळतो आणि पुढे जातो. हायपरव्हायजरला पत्ताच लागत नाही. २००० सालच्या एका अभ्यासात पेंटियममध्ये अशा १७ सूचना सापडल्या.

व्हीएमवेअरनं तोडगा काढला तो गेस्टच्या कर्नलचा कोड चालण्याआधीच बदलून घेण्याचा. १९९९ चं वर्कस्टेशन टाइप २ होतं, २००१ चं ईएसएक्स टाइप १. बायनरी ट्रान्सलेशनचं हेच तंत्र दोन्हींच्या मुळाशी. इंग्लंडमधल्या केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये झेन आलं. त्यानं गेस्टच्या कर्नलमध्येच फेरफार करून घेतले. झेन टाइप १ खरं, पण ड्रायव्हरसाठी ते बहुधा शेजारच्या लिनक्सवरच विसंबून असे.

२००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीनं अडवण्याचं काम पुन्हा प्रोसेसरकडे सोपवलं. त्याचा लाभ घेत २००७ मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झालं. आता लिनक्स हीच ऑपरेटिंग सिस्टिम आणि तोच हायपरव्हायजर! याला टाइप १ म्हणायचं की टाइप २, यावर अजून वाद होतात. अ‍ॅमेझॉननं २००६ मध्ये झेनवर सुरू केलेली क्लाउड सेवा २०१७ पासून केव्हीएमवर आधारलेल्या नायट्रोकडे वळली.

म्हणून हायपरव्हायजर निवडताना प्रकाराच्या लेबलावर थांबू नये. गेस्ट आणि हार्डवेअर यांच्यामध्ये किती कोड आहे आणि त्यातल्या किती कोडवर विश्वास टाकावा लागतो, हे आधी विचारावं. एकाच सर्व्हरवर अनोळखी ग्राहकांची कामं शेजारी शेजारी चालतात. त्यांची सुरक्षितता या उत्तरावर अवलंबून आहे.